हात लावू नये

१

रंगीत फोटो म्हणजे नुसती बडबड. हे वाक्य मी तीस वर्षं लोकांना ऐकवत आलोय, विचारणाऱ्यांना आणि न विचारणाऱ्यांनाही. माणूस बघायचा तर त्याच्या सदऱ्याचा रंग आधी काढून टाका, मागच्या भिंतीचा निळा काढा, पोस्टरचा पिवळा काढा, मग जे उरेल तो माणूस. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आलाय आणि कासच्या पठारावर नवरा-नवरी लग्नाआधीच मिठ्या मारून फोटो काढून घेतात, त्यात माझं कोण ऐकतंय म्हणा. नाही ऐकलं तर नाही. मी माझा रोल घालतो, पाण्यात बर्फ टाकून ते वीस डिग्रीवर आणतो आणि न्हाणीत जाऊन बसतो.

माधवनगरच्या आमच्या घरातली मागची न्हाणी ही माझी डार्करूम. खिडकीला पत्रा ठोकलाय, दाराच्या फटींना काळी पट्टी. आत एक लाल बल्ब, एक पांढरी ट्यूब, चार ट्रे, एक स्टूल आणि स्टुलामागे भिंतीला फळी. फळीवर बाटल्या. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बायकोनं, दीपालीनं लिहिल्यात. ती शाळेत मराठी शिकवते, फळ्यावर लिहून लिहून अक्षर ठसठशीत झालंय. मधल्या मोठ्या बाटलीत फोटो कागदावर पक्का करायचं औषध, तिच्यावर तिनं लिहिलंय: 'फिक्सर. हात लावू नये.' ते मला चिडवायला. कारण फोटोला हात लावायचा नाही, हा माझा दुसरा नियम.

जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं टचिंग करायचे. सावळ्या मुलीला गोरी करायचे, आजोबांच्या डोळ्यात चमक घालायचे. मला त्याची शिसारी यायची. मी माहितीचे फोटो काढतो. जे होतं ते आलं पाहिजे, जे आलं ते राहिलं पाहिजे. वडील, अण्णाप्पा पाटील, इथल्या कापडगिरणीत रंगखात्यात होते. त्यांच्या बोटांचा रंग सरणावरसुद्धा गेला नव्हता. त्यामुळेच मी असा झालो, असं दीपाली म्हणते. म्हणू दे.

वय चोपन्न. दोन वर्षांपूर्वी मिरजेला छातीत जाळी बसवली. गोळ्या वेळेवर घेतो. हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

२

जतच्या पूर्वेला तात्याबा आणि दगडाबाई या मेंढपाळ जोडप्यामागं मी चार वर्षं हिंडत होतो. पाऊस संपला की ते मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडं चालत निघायचे, कुणाच्या रानात चार रात्री मेंढरं बसवायचे, खत पाडायचे, पुढे जायचे. मग परत. त्यांच्यावर माझं एक पुस्तक व्हायचं होतं. चार वर्षांत त्यांनी मला किती भाकऱ्या घातल्या ते विचारू नका. तात्याबा सहासष्टचा, पण आडदांड. अडलेलं मेंढरू खांद्यावर टाकून ओढा ओलांडायचा.

फेब्रुवारीतली गोष्ट. दगडाबाई मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरीपाशी कोकरू उराशी धरून उभी होती. कपाळावर मेणात बसवलेलं पिंजरीचं कुंकू, रुपयाएवढं. दोन भुवयांमधे आणि हनुवटीवर हिरवं गोंदण. मागे मैलभर काही नाही, फक्त आभाळ. आणि आमच्या पूर्वभागातलं आभाळ म्हणजे काय, नुसता निळा कोरडा पत्रा, कडेला ढगांची दोन चिरगुटं.

म्हणून मी लाल काच लावली. हा फिल्टर निळं अडवतो. तो लावला की निळं आभाळ फोटोत काळंभोर येतं आणि दोन ढगांची चिरगुटंसुद्धा वादळ वाटायला लागतात. प्रदर्शनात लोक अशा आभाळासमोर गप्प उभे राहतात. मला ते आवडायचं. उलट तांबडं त्या काचेतून सगळंच्या सगळं आत येतं आणि फोटोत पांढरट पडतं. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं.

"माजा बी काढा की पाटील," तात्याबा मागून ओरडला. "का म्हातारीचंच थोबाड दावताय जगाला?"

"तुमचे शंभर झालेत, तात्याबा."

"मग तिचा नीट काढा. लय खोडीची हाय ती."

मी एकच फोटो काढला. एकातच आला हे मला कळलं होतं.

३

प्रिंट ट्रेमधे वर येत गेला तसा मी स्टुलावरून उठून उभा राहिलो. आभाळ असं भरून आलेलं की ते कोकरू पावसाला घाबरून तिला चिकटलंय असं वाटावं. गोंदण हिरवट-निळं, त्यामुळे ते काळंकुट्ट उठलेलं. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती. आणि कपाळ कोरं. कुंकवाच्या जागी कातडीचाच रंग, जणू तिथे कधी काही नव्हतंच.

खरं सांगतो, मला आनंद झाला. ते मोठं गोल कुंकू राहिलं असतं तर बघणाऱ्याची नजर तिथेच अडकली असती. पुस्तकाचं मुखपृष्ठ मिळालं, असं मी मोठ्यांदा म्हणालोसुद्धा.

दीपाली चहा घेऊन आली. आत यायच्या आधी दार वाजवायची आणि आल्यावर दार लगेच लावून घ्यायची तिची शिस्त आहे. लाल उजेडात तिनं प्रिंटकडं पाहिलं.

"ही विधवा आहे?"

"नाही गं. नवरा रेड्यासारखा धट्टाकट्टा आहे."

"मग कुंकू?"

मी तिला शास्त्र सांगितलं. वर म्हणालो, "तुझीच टिकली बघ ना. मरून रंगाची लावलीयेस, पण या लाल बल्बखाली मला तुझं कपाळ कोरं दिसतंय. लाल उजेडात तांबडं दिसत नाही. एवढंच."

तिनं कपाळाला बोट लावून टिकली चाचपली. मग म्हणाली, "तिला हा देऊ नका."

"मी कबूल केलंय."

"दुसरा द्या एखादा. ऐका माझं. त्या बायकांना तुमचं शास्त्र नका शिकवू."

मला राग आला. शिकलेली बाई, आणि हे बोलतेय, असं काहीतरी मी बोललो. चहा तिथेच गार झाला.

४

मार्चअखेर मी तो प्रिंट घेऊन त्यांच्या रानातल्या घरी गेलो. तात्याबानं आधी हिसकावून घेतला.

"आवं पाटील, ह्यात तर पाऊस भरून आलाय की! आमच्याकडं कवा आला हुता येवढा? आमाला सांगितलं बी न्हाई कुणी." आणि तो मांडीवर थाप मारून हसला.

दगडाबाईनं फोटो हातात घेतला. उन्हाकडं तिरपा धरून पाहिला. मग हळूच म्हणाली, "दादा, माजं कुंकू कुठं हाय?"

"मावशी, ती काचेची करामत आहे. तिच्यातून तांबडं दिसत नाही."

"गोंदाण दिसतंय."

"ते हिरवं. हिरवं-निळं काळं येतं."

"आन् आभाळ?"

"तेही निळं. म्हणून काळं आलं."

"म्हंजी आभाळ काळं न्हवतं. ते तुमी केलंसा."

मी कॅमेऱ्याचा पट्टा सारखा केला.

"शाई आसंल की तुमच्याकडं," ती म्हणाली. "येवढा एक ठिपका द्या ठिऊन. मग मी भित्तीला लावती."

आता इथे काय बिघडलं असतं? काळी शाई माझ्या पिशवीत होती, बारीक ब्रश होता. प्रिंटवर धुळीचा पांढरा डाग आला तर तो बुजवायला मी ते बाळगतो. पण मी मान हलवली. "फोटोला मी हात लावत नाही, मावशी. हात लावला की तो खरा राहत नाही."

"खरा?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी नजर वळवली. "आवं दादा, न्हाई त्या आभाळाला काळं कराय येतंय तुमाला, आन् हाय ते कुंकू दावाय येत न्हाई?"

उत्तर नसलं की मी जास्त बोलतो. मी तिला माहितीचा फोटो म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, नियम कशासाठी असतात, हे उन्हात उभं राहून समजावलं. ती ऐकत राहिली. कोकरू तिच्या लुगड्याचा काठ चघळत होतं.

"आगं, मी हितं जिता बसलोय नव्हं?" तात्याबा म्हणाला. "फोटूनं मरतोय व्हय मी? सोड की."

ती आत गेली, पिंजरीची डबी घेऊन आली. चिमूटभर पिंजर बोटावर घेऊन तिनं फोटोतल्या स्वतःच्या कपाळावर दाबली. गुळगुळीत कागद, पिंजर घसरून मातीत पडली. तिनं परत घेतली, परत दाबली, परत पडली. तिसऱ्यांदा तिनं डबीला हात लावला नाही. फोटो पदरानं पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"ह्यो न्या तुमी. मला नगं."

५

अकराव्या दिवशी रविराजचा फोन. रविराज तात्याबाचा मुलगा, पुण्याला टेम्पो चालवतो.

"पाटील, बापू गेला."

"म्हणजे? कुठं गेला?"

"वारला ओ. दुपारच्याला बाभळीखाली टेकला, मेंढरं बगत. उठलाच न्हाई. काय दुखलं न्हाई, खुपलं न्हाई."

ऊन लागलं असणार. एप्रिल महिना, सहासष्ट वय, दिवसभर रानात. माझ्यासारख्याला चोपन्नाव्या वर्षीच छातीत जाळी लागते. हे सगळं मी गाडी चालवता चालवता स्वतःला सांगत होतो. तिसऱ्या दिवशी, माती सावडायला पोचलो.

कवठेमहांकाळ सोडलं तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. त्यांच्या रानापाशी गाडी थांबवली आणि उतरलो तर पूर्वेकडून काळं भरून आलेलं. वारा नाही, थेंब नाही, नुसतं भरलेलं. दोन पांढरी चिरगुटं कडेला. मी ती ओळखली, माझ्या फोटोतलीच. डावीकडचं मोठं, उजवीकडचं फाटकं, खाली झुकलेलं.

दगडाबाई वाघरीपाशी उभी होती. उराशी कोकरू. त्याच जागी, तशीच, डावा खांदा जरा खाली. कपाळ पुसलेलं. कुंकवाच्या जागी चाळीस-पन्नास वर्षं ऊन न लागलेली फिकट कातडी, आणि तिच्या खाली गोंदण काळंकुट्ट. आजूबाजूला माणसं होती, भांडी होती, कुणी रडत होतं. ते काही मला दिसेना. मला माझा प्रिंट दिसत होता.

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "काढा की दादा आता. आता काच नगं. आता खरा यील."

कॅमेरा गळ्यात होता. माझं बोट बटणावर गेलेलं होतं, हेही लिहून ठेवतो. कधी गेलं ते मला कळलं नाही. मी ते काढलं आणि मान खाली घालून गाडीत जाऊन बसलो. कवठेमहांकाळपर्यंत आरशात आभाळ काळंच होतं.

६

माझं डोकं ठिकाणावर आहे. म्हणून मी दुसऱ्या दिवशी जुन्या निगेटिव्हच्या फायली काढल्या. लाल काच लावून काढलेल्या बायका शोधल्या. कोयनानगरची बनुबाई, टोपल्या विणताना, मागे धरणाचं आभाळ. महाबळेश्वरची शालूबाई, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात. अशा अकरा निघाल्या. एकीच्याही कपाळावर काही नाही. साहजिक आहे, काच आहे ती.

कोयनानगरला केरबा म्हणून माझ्या ओळखीचा जीपवाला आहे. त्याला फोन केला.

"बनुबाईचा मालक? त्यो गेला की ओ," केरबा म्हणाला. "तुमी फोटू काढून गेला न्हाई का, त्याच साली. गणपतीत. चांगला हुता ओ सकाळपातूर. का, काय काम हुतं?"

"काही नाही. सहज."

शालूबाईच्या मुलीचा नंबर होता. तिनं सांगितलं तेही तसंच. तारीख तिला पाठ होती. मी फोटो त्याच्या पंधरा दिवस आधी काढला होता.

पुढचे नऊ फोन मी केले नाहीत. पुरुष मरतातच. दारू पितात, घाटात जीप उलटते, विहिरीत उतरतात, ऊन लागतं. आणि आपल्याकडं नवरा बायकोपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा असतो, आधी तोच जाणार. कुठल्याही अकरा बायका घ्या आणि चौकशी करा, काय निघायचं ते निघेल. हे मी दीपालीला जेवताना सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"एक ठिपका दिला असतात तर काय झालं असतं?" ती म्हणाली. "तो मेलाच असता समजा. पण तिच्या मनात हे राहिलं नसतं."

मी ताटावरून उठलो. संध्याकाळी सांगलीला गेलो आणि आयर्विन पुलावरून लाल काच कृष्णेत टाकली. शेजारी एक म्हातारा निर्माल्य टाकत होता. मी पण काहीतरी तसलंच टाकतोय असं समजून त्यानं मला हात जोडले. चोपन्न वर्षांचा, शिकलेला, उभी हयात शास्त्र सांगत आलेला माणूस मी. लाज वाटली.

७

दीपाली या मेअखेर स्वेच्छानिवृत्ती घेणार होती. शाळेतल्या मुली तिचा फ्लेक्स करणार होत्या, त्यांना फोटो हवा होता.

"सत्तावीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "सगळ्या सातारा-सांगलीच्या बायका काढल्यात, माझा एक नाही. काढा. काळा-पांढरा चालेल."

मी नाही म्हणणार होतो. मग वाटलं, नाही का म्हणायचं? काच नदीत आहे. साधा फोटो निघेल, टिकली जिथल्या तिथे काळी येईल, आणि हा मूर्खपणा संपेल. खरं तर मीच घाईला आलो.

रविवारी सकाळी गच्चीवर उभी केली. तिनं मुद्दाम मोठी मरून टिकली लावली होती. "बघू तुमची काच माझं कुंकू खाते का," म्हणाली.

"काच नाहीये."

"खात्री करते." आणि तिनं पुढे होऊन भिंगालाच बोट लावलं. एरवी मी आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी मीच म्हणालो, नीट लाव, अजून एकदा.

फोटो काढला. मऊ रुमालानं भिंग पुसून आणखी दोन काढले. दुपारी रोल धुतला, वाळवला आणि निगेटिव्ह उजेडावर धरून भिंगातून पाहिली. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. काळी वस्तू तिथे पारदर्शक दिसते. दीपालीच्या कपाळावर एक स्वच्छ, काचेसारखा गोल ठिपका होता. तिन्हींवर. म्हणजे टिकली आली होती. मी तिथल्या तिथे हसलो. तिला हाक मारून दाखवला. "झालं समाधान?" ती म्हणाली, आणि मुलींच्या वह्या तपासायला गेली.

मग मी लाल दिवा लावून प्रिंट करायला बसलो.

कागद डेव्हलपरमधे सोडला. जे सर्वांत काळं असतं ते आधी उमटतं. पांढऱ्या कोऱ्या कागदावर पहिल्यांदा आली ती टिकली. फक्त टिकली, कागदाच्या मधोमध, चेहरा नाही, काही नाही. मग केस आले. डोळ्यांच्या बाहुल्या आल्या. भुवया, ओठांची रेघ, साडीचा काठ. आणि चेहरा जसजसा भरत गेला, तसतशी टिकली फिकट होत गेली. मी ट्रेवर वाकलो होतो, नाक पाण्याला टेकेल इतका. ती विरळ झाली, कडेनं आत आत आली, आणि गेली.

हे होत नाही. डेव्हलपरमधे एकदा काळं झालेलं पुन्हा पांढरं होत नाही. चहात विरघळलेली साखर परत चमच्यात येते का? मी पाणी बदललं, नवं डेव्हलपर कालवलं, कागदाचं नवं पाकीट फोडलं, दुसरी निगेटिव्ह घेतली. मग तिसरी घेतली.

तिन्ही प्रिंट धुवून मी दोरीवर टांगले. तिन्हींत दीपाली माझ्याकडं बघून हसत होती, आणि तिन्हींत कपाळ कोरं. निगेटिव्ह पुन्हा उजेडावर धरली. तिथे ठिपका होता.

८

दोन दिवस मी त्या खोलीत गेलो नाही. छातीत काही होत नव्हतं. नाडी बघितली, मिरजेला जाऊन ईसीजीची पट्टी काढून आलो. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत. तात्याबाही ठणठणीत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीपाली शाळेत गेली आणि मी शाईची बाटली उघडली. तीस वर्षं लोकांना जे करू नका म्हणून ओरडलो, ते करायला बसलो. लाल दिव्यातच बसलो, का ते माहीत नाही. पांढऱ्या उजेडात मला स्वतःचा हात बघवला नसता बहुतेक.

ब्रशचं टोक ओलं केलं आणि दीपालीच्या कपाळावर ठिपका ठेवला. शाई कागदावर बसलीच नाही. थेंब गोळा होऊन उभा राहिला, अळवाच्या पानावर पाणी उभं राहतं तसा, आणि घरंगळून नाकावरून खाली आला. मी टिपून घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घरंगळला. कागद ओला करून पाहिला, कोरडा करून पाहिला. शाई दाट केली. पाच, सहा, सात वेळा. सातव्या वेळी मला त्या मातीत पडणाऱ्या पिंजरीची आठवण झाली आणि माझा हात थांबला.

मग मी खणातून दगडाबाईचा फोटो काढला, तिनं परत केलेला. तसलाच कागद, तीच शाई. तिच्या कपाळावर ब्रश टेकवला मात्र, ठिपका जागेवर बसला. कागदानं तो प्यायला. गोल, काळाभोर, मसुराएवढा. मी बोटानं घासला. गेला नाही. पाण्याखाली धरला. गेला नाही.

जिला आता त्याचा काही उपयोग नव्हता तिच्या कपाळावर तो पक्का बसला. त्या दिवशी उन्हात तो मला द्यायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. मी त्याऐवजी भाषण दिलं. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी मांडून स्टुलावर बसून राहिलो, आणि काय सांगू, माझ्या तोंडून शिवी निघाली. स्वतःलाच.

९

दार वाजलं. दीपाली शाळेतून आली होती. मी 'ये' म्हणालो, का म्हणायला तोंड उघडलं, आता आठवत नाही. दार उघडून ती आत आली, मागं दार लावलं. लाल उजेडात तिचं कपाळ कोरं दिसत होतं. ते काही नाही, ते मीच तिला शिकवलं होतं. लाल उजेडात तांबडं दिसत नाही.

"अहो," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघत होतो. ती माझ्याकडं बघत होती. सहा फुटांचं अंतर.

"अहो, कुठं आहात?"

मी हसलो. मला वाटलं चेष्टा करतेय. 'इथेच तर आहे,' असं म्हणालो. निदान म्हणायला गेलो. आवाज आला नाही, का तो तिला ऐकू गेला नाही. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून सरकून ट्रेवर गेली, दोरीवर गेली, परत माझ्या छातीपाशी आली आणि तिथे थांबली. ओठ हलले, काहीतरी वाचल्यासारखे. मग ती वळली आणि दाराच्या कडीला हात घातला.

मी उठून ट्यूबचं बटण दाबलं.

पांढरा उजेड झाला. ती दचकून मागं फिरली. तिच्या कपाळावर टिकली होती, मरून, नीट मधोमध. मला रडू येईल असं वाटलं.

"अगंबाई! तुम्ही इथेच?" छातीवर हात ठेवून ती म्हणाली. "कुठून आलात? केवढी दचकले मी."

"मी इथेच होतो. स्टुलावर."

"काहीतरीच काय. दोनदा हाक मारली मी. स्टूल रिकामं होतं."

"दीपाली, मी इथेच बसलो होतो. लाल उजेडात नीट दिसत नाही माणसाला."

"न दिसायला काय झालं?" ती जरा चिडलीच. "सगळं दिसत होतं की. ट्रे दिसत होते, दोरीवरचे फोटो दिसत होते. मागची ती फिक्सरची बाटली दिसत होती, माझी चिठ्ठीसुद्धा वाचली मी. हात लावू नये. म्हटलं, अक्षर अजून तसंच आहे."

मी मागं वळून पाहिलं नाही. फळी किती उंचीवर ठोकलीय ते मला ठाऊक आहे, मीच ठोकलीय. स्टुलावर बसलं की ती बाटली बरोबर माझ्या छातीमागे येते.

"चहा टाकू?" दीपालीनं विचारलं.

"टाक," मी म्हणालो. "आणि दार उघडंच राहू दे."